पंचेचाळिशीनंतर: शौचाची तपासणी की दुर्बीण?

माझ्या काकांना दोन वर्षं शौचातून रक्त जायचं. घरात सगळ्यांनी मूळव्याध धरली. ताक, इसबगोल, मलम सगळं झालं. दुर्बीण घातली तेव्हा मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ वाढलेली होती. म्हणून आधी हे सांगते: रक्त जात असेल, वजन किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल, तर ही तुलना तुमच्यासाठी नाही, सरळ डॉक्टर गाठा. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा कॅन्सर झाला असेल तर कोलोनोस्कोपीच (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं) करायची. चाळिशीत, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा.

बाकी ४५ ते ७५ वयाच्या, काहीच त्रास नसलेल्यांपुढे हा कॅन्सर वेळेत शोधायच्या दोन वाटा आहेत.

'फिट' म्हणजे शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी तपासणी. नमुना घरीच घ्यायचा, पथ्य नाही. ती माणसाचंच रक्त ओळखते, त्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्लं तरी चालतं. कॅन्सर असलेल्या १०० जणांपैकी साधारण ७९ जण ती पकडते. पॉलिप (आतड्यातल्या छोट्या गाठी, ज्यांतून पुढे कॅन्सर होऊ शकतो) मात्र बरेच निसटतात, म्हणून ती दरवर्षी करायची. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये नमुना दिवसभर स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेनं रक्ताचा अंश नासतो आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

कोलोनोस्कोपी नॉर्मल आली तर १० वर्षं सुटका, आणि पॉलिप दिसला तर बहुधा तिथेच काढतात. पण आदल्या दिवशी पोट साफ करणं नकोसं होतं, सुट्टी पडते, सोबत माणूस लागतं, गुंगीमुळे त्या दिवशी गाडी चालवता येत नाही. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका १०,००० मध्ये ३-४ इतका आहे.

खर्चाचं म्हणाल तर कोलोनोस्कोपी कित्येक पट महाग. समाजाच्या पातळीवर फरक आणखी मोठा होतो. १००० निरोगी लोकांची फिट केली तर साधारण ६० जणांचीच पॉझिटिव्ह येते. दुर्बीण तेवढ्यांनाच लागते. आपल्याकडे हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आढळतो. सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, हा नाही. त्याचं एक कारण मला यातच दिसतं. सरसकट सगळ्यांची कोलोनोस्कोपी करायला घेतली, तर काकांसारखे रक्त जाणारे रुग्ण रांगेत मागे पडतील.

स्पेनमधल्या ५७,४०४ जणांच्या अभ्यासाचे निकाल २०२५ मध्ये आले. कोलोनोस्कोपीला बोलावलेल्यांपैकी ३१.८ टक्के तपासणीला आले, दर दोन वर्षांनी फिटला बोलावलेल्यांपैकी ३९.९ टक्के. १० वर्षांत या कॅन्सरनं झालेले मृत्यू अनुक्रमे ०.२२ आणि ०.२४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच.

त्यामुळे त्रास नाही आणि घरात कुणाला नाही, तर माझं मत फिटला. मात्र ती पॉझिटिव्ह आली की 'पुन्हा एकदा फिट करून बघू' हे चालणार नाही. कोलोनोस्कोपी करायचीच, नाहीतर आधीची सगळी वर्षं वाया.

आमच्याकडे बाबांची कोलोनोस्कोपी झाली, कारण काका त्यांचे सख्खे भाऊ. आईची फिट दर डिसेंबरात, थंडी पडली की.