आर या प्रोग्रामिंग भाषेत पॅकेज लोड करताना: लायब्ररी की रिक्वायर?

पॅकेज (म्हणजे तयार फंक्शन्सचा संच) इन्स्टॉल केलेलं असेल तर लायब्ररी आणि रिक्वायर ही दोन्ही फंक्शन्स ते लोड करण्याचं एकच काम करतात. फरक कळतो तो पॅकेज नसताना. लायब्ररी तिथेच एरर देऊन थांबते, कोणतं पॅकेज नाही तेही सांगते. रिक्वायर नुसती वॉर्निंग देऊन ‘फॉल्स’ परत करतं आणि स्क्रिप्ट पुढे चालू राहते. मग 200 ओळींनंतर ‘फंक्शन सापडलं नाही’ असा एरर येतो आणि आपण भलतीकडेच चूक शोधत बसतो. माझी एक अख्खी संध्याकाळ अशी गेली आहे. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला मी लायब्ररीच लिहिते.

रिक्वायरची जागा ‘इफ’च्या अटीत, कारण तिथे ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ हे उत्तरच हवं असतं. पॅकेज आहे की नाही एवढंच पाहायचं असेल, तर रिक्वायर-नेमस्पेस हे फंक्शन त्याहून बरं. ते सर्च पाथला, म्हणजे आर जिथे फंक्शन्स शोधतं त्या यादीला, हात लावत नाही.