काळ्या पानांचा अल्बम: आठ महिन्यांनंतर

मे महिन्यात सोलापूरच्या नव्या पेठेतून घेतला. ४० काळी जाड पानं, मध्ये बटर पेपर, फोटो अडकवायला चिकट कोपरे. ४८० रुपये. आता गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जानेवारीतली यात्रा, भरलाय, म्हणजे आठ महिने झाले.

घेण्याचं कारण आमचा १९९२चा लग्नाचा अल्बम. चिकट पानं, वर प्लास्टिक. तेव्हा भारी वाटायचा. सोलापूरचे तीस उन्हाळे पोटमाळ्यावर काढल्यावर डिंक पिवळा पडला आणि फोटो पानाला धरून बसले. एक ओढला, तर सासूबाईंचा अर्धा पदर पानावरच राहिला. मग दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवला. दोन तासांत ११ फोटो निघाले, मान मात्र आखडली.

नव्यात डिंक फक्त कोपऱ्याला, फोटोला नाही. हवा तेव्हा फोटो काढून मागचं वाचता येतं, आणि माझे पैसे तिथंच वसूल झाले. आजेसासऱ्यांचा बाराबंदीतला, म्हणजे गड्ड्याला घालतात त्या पांढऱ्या बंदांच्या अंगरख्यातला, फोटो आहे, बाह्या कोपरापाशीच संपलेल्या. ही कसली फॅशन, असं मला कायम वाटायचं. आत्या म्हणाल्या, "मागं बघ की गं." मागे पेन्सिलीनं: 'भोगी, १९६८. बाराबंदी शेजारची.' मग गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या, आदल्या रात्री उंदरानं कुरतडलेल्या बाराबंदीची गोष्ट तासभर रंगली. ती मी तिथंच खाली उतरवून घेतली.

तक्रारी आहेतच. सोबतचे कोपरे पहिल्याच उन्हाळ्यात सुटले. वेगळे आणून लावले. पांढरं जेल पेन झकास दिसतं, पण घामट बोट लागलं की पुसतं. पांढरी रंगीत पेन्सिल टिकली. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिल, तीही हलक्या हातानं. बॉलपेनचा वळ पुढं उमटतो. आणि ४० पानं म्हणतात खरं, पण सगळी भरली की अल्बम फुगतो, शिवण ताणते. मी २८ वर थांबले.

अल्बम आता पोटमाळ्यावर नाही. मधल्या खोलीच्या कपाटात, जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलाय.

पुढचा घेईन तो शिवणीचा नाही, स्क्रूचा. चिकट अल्बममध्ये अजून साठेक फोटो अडकलेत. त्यांच्याशी आता झोंबायचं नाही, जसे आहेत तसे पानासकट ६०० डीपीआयवर स्कॅन करतेय.