थायलेरियाची लस रक्षाव्हॅक-टी : लस एक नंबर, गोठ्यापर्यंत आणायचा ताप वेगळा

ज्यांच्या दावणीला एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) किंवा जर्सी संकरित गायी आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. गोचीड ताप म्हणजे थायलेरिया, त्याची ही लस. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची आहे, ही एनडीडीबीचीच (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची) कंपनी. लाळ-खुरकुताची लस सरकारी माणसं दारात येऊन फुकट टोचून जातात, लम्पीच्या वेळी 2022 ला तर गावोगाव मोहीम झाली, पण थायलेरियाला तसलं काही नाही. पैसे आपले, फोन आपले आणि मागं लागायचंही आपणच.

आणि मागं लागावंच लागतं, कारण ही लस जिवंत आहे. थायलेरियाचाच जंतू घेऊन लॅबमध्ये पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवत त्याचं विष काढून टाकलेलं असतं, तो गाईच्या अंगात जातो, खरा आजार होऊ देत नाही पण शरीराला जंतूची ओळख पटवून देतो. जिवंत असल्यामुळं साधा फ्रीज नाही चालत, लिक्विड नायट्रोजन लागतो, उणे 196 डिग्री सेल्सिअस. तालुक्याला एका मेडिकलवाल्यानं मला बिनधास्त सांगितलं की "फ्रीजमधून काढून बर्फात घालून देतो की", म्हणलं राहू द्या. असं कुणी देत असेल तर घेऊ नका, गाईला नुसतं पाणी टोचल्यासारखं होईल आणि आपण वर्षभर लस दिलीय म्हणून निवांत बसू.

शेवटी काम झालं ते आमच्या डॉक्टरांमुळं. त्यांच्याकडं गायी भरवायच्या सीमेनचा (वळूच्या वीर्याचा) नायट्रोजन जार असतोच, त्यात लस आली. बाटली एका गाईची नसते आणि एकदा वितळली की परत गोठवून ठेवता येत नाही, म्हणून वस्तीवरच्या चार-पाच घरांनी एकच सकाळ ठरवली आणि सगळ्यांनी गायी बांधून तयार ठेवल्या. जारचं झाकण उघडल्यावर पांढरा धूर, चिमट्यानं इवलीशी बाटली बाहेर, ती कोमट पाण्यात धरून फिरवायची, मग सोबतच्या द्रावणात मिसळायची आणि लगोलग सुई. मानेच्या कातडीखाली 3 मिली, कालवड असो नाहीतर मोठी गाय, डोस तेवढाच. चहा वगैरे सगळं नंतर, डॉक्टर कुणाशी बोलायलासुद्धा थांबले नाहीत.

त्रास म्हणाल तर एकदोन गायींना हलका ताप आला आणि दूध थोडं कमी झालं, ते आपोआप भरून आलं. दोन महिन्यांच्या पुढच्या वासरांना देता येते. गाभण गाय शेवटच्या तीन महिन्यांत असेल तर डॉक्टरांनी ती सोडली, आणि आजारी-अशक्त जनावरही. अजून एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली ती म्हणजे लस दिल्यावर मधेच कुणी ऑक्सिटेट्रासायक्लीन हे अँटिबायोटिक ठोकू नका, त्यानं लसीतला जंतूच मरतो. आपल्याकडं गाय जरा सुस्त दिसली की कंपाउंडर आधी तेच भरतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता फायदा. थायलेरिया झालेली गाय ज्यानं बघितलीय त्याला सांगायला नको. ताप 105-106 फॅरनहाइट, खांद्यापुढची गाठ मुठीएवढी, डोळ्याच्या आतली कातडी आधी पांढरी मग पिवळी, रवंथ बंद. ब्युपार्व्हाक्वोन हे थायलेरियावरचं इंजेक्शन वेळेवर पडलं तर वाचते, पण 20 किलो वजनाला 1 मिली असा हिशोब आहे, म्हणजे 400 किलोच्या गाईला 20 मिली, वर सलाईन, रक्तवाढीची औषधं, आणि आटलेलं दूध त्या वेतात परत पहिल्यासारखं येईलच असं नाही. शेजारच्या वस्तीवर बिनलसीची चांगली पहिलारू गाय गेली, आमच्याकडच्या लस दिलेल्या कालवडी त्याच पावसाळ्यात गोचीड अंगावर असूनही उभ्या राहिल्या. एवढ्यावरून शंभर टक्के म्हणणार नाही, पण मी तरी दरवेळी नव्या कालवडींना देणार.

लोकांचा एक गैरसमज मात्र फार आहे. ही गोचिडांवरची लस नाही! लस दिली म्हणून गोचीड गळून पडत नाहीत. आणि गोचिडामुळं होणाऱ्या सगळ्या आजारांवरही नाही, बबेसियात लघवी कॉफीसारखी लाल होते ते वेगळं प्रकरण, ॲनाप्लाझ्मा वेगळं, त्यांच्यावर ही चालत नाही. म्हणून ताप आला की लस दिलीय म्हणून गप्प न बसता रक्ताची काच (स्लाइड) लॅबमध्ये तपासून घ्या. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला बबेसिया आणि ॲनाप्लाझ्माची एकत्र जिवंत लस सरकारी केंद्रातच बनवतात, आपल्याकडं तसली कधी येईल देव जाणे.

गोठ्याचं काम तर सुटतच नाही. थायलेरिया पसरवणारा गोचीड गाईच्या अंगावर कमी आणि दगडी भिंतीच्या फटीत जास्त राहतो, नुसत्या गाईवर फवारून काय होणार? आम्ही फटी सिमेंटनं बुजवल्या, गव्हाणीखाली फ्लेमगन (ज्योत मारायचं यंत्र) फिरवली. नवीन बांधत असाल तर भिंतीला प्लास्टर कराच.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो लसीसाठी नाही, मिळण्याच्या पद्धतीसाठी. कुठल्यातरी दूध संघानं नायट्रोजनची गाडी गावोगाव फिरवली तर पाच देईन. खिलार, डांगी, गीर असल्या देशी गायींना हा आजार बराच सोसतो, तिथं आधी खर्च गोचीड आवरण्यावर करा. आणि बाहेरच्या बाजारातून पावसाच्या तोंडावर एचएफ आणणार असाल तर लस आधी, गाय गोठ्यात नंतर. लसीचा असर यायला काही आठवडे जातात, जूनमध्ये धावपळ करून उपयोग नाही, मार्च-एप्रिललाच डॉक्टरांना सांगून ठेवा.