दलदल कोणाच्या कसोटीवर? स्कॅलिया आणि केनेडी

अमेरिकेचा 1972 चा स्वच्छ जल कायदा ‘नौकानयनयोग्य पाण्या’ला संरक्षण देतो. पण त्यात दलदल येते का? 2006 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात रापानोस खटल्यात दोन कसोट्या पुढे आल्या. न्यायमूर्ती स्कॅलियांची सोपी: पाणी जवळपास कायमचं हवं आणि दलदल त्याला पृष्ठभागावर सलग जोडलेली हवी. न्यायमूर्ती केनेडी परिणाम पाहतात: दलदलीमुळे नदीच्या पाण्यावर लक्षणीय परिणाम होतो का? यात जागोजागी तपासणी लागते, जमीनमालकाला आधी अंदाज येत नाही, ही तक्रार खरीच. तरी मला केनेडींचंच पटतं. बांधापलीकडची, नदीला पृष्ठभागावर न जोडलेली दलदलही पूर अडवते, गाळ धरून ठेवते. 2023 मध्ये सॅकेट खटल्यात मात्र 5 विरुद्ध 4 मतांनी स्कॅलियांची कसोटी स्वीकारली गेली. मिसिसिपीच्या पूरबांधांमागच्या दलदलींचं काय, हा प्रश्न न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी त्याच निकालात उपस्थित केला.