अमलाशचा बैल : १८,५०० दिरहम गेले, तुमचे वाचवा

दुबईत किंवा इतर कुठे ‘अमलाश’चं मातीचं भांडं घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. माझे १८,५०० दिरहम गेले. १२,००० बँकेतून, ६,५०० रोख. नंतरच्या तपासणीचे ३८० पौंड वेगळेच.

वस्तू म्हणजे लाल मातीचा, घोटून चकाकी आणलेला वशिंडाचा बैल. पोट पोकळ, तोंडातून पाणी ओतायचं. इराणच्या गीलान प्रांतातली तीन हजार वर्षांपूर्वीची ही कारागिरी. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ एजत नेगाहबान यांनी तिथल्या मार्लिक टेकडीवरची थडगी खणली तेव्हा असे बैल निघाले, काहींच्या कानात सोन्याच्या कड्या. पण त्याच्या आधीपासूनच आसपासच्या डोंगरांतला लुटीचा माल ‘अमलाश’ या नावाने बाजारात येत होता. उत्खननाची नोंद नाही, म्हणून वाटेल ती गोष्ट चिकटवता येते. मला सांगितलेली गोष्ट : १९७९ च्या क्रांतीआधी कुटुंबाने बाहेर आणलेला संग्रह.

मी डोळे झाकून पैसे दिले नाहीत. थर्मोल्युमिनेसन्सचा, म्हणजे माती शेवटची कधी भाजली ते सांगणाऱ्या तपासणीचा, दाखला मागितला, प्रयोगशाळेला फोन करून क्रमांक पडताळला. दाखला खरा होता! नमुना मात्र मागच्या पायातून घेतलेला. पाय जुनाच होता, पोटाचा काही भागही. वशिंड, मान आणि डोकं नवीन. फुटक्या जुन्या भांड्यांवर नवं जनावर उभं केलेलं.

तो क्षण आठवला की अजून अंगाची लाही होते. मी म्हणालो, पाणी घालून ओतून बघू. दुकानदाराने हात धरला, “नको साहेब, पुरलेल्या मातीत क्षार असतात, ओल लागली की वर येतात, पापुद्रे सुटतात.” हे खरं आहे, मी स्वतः वाचलेलं आहे. म्हणून गप्प बसलो. अर्धं सत्य बोलणाऱ्यापुढे जाणकारच आधी अडकतो. घोटल्याच्या रेघा मानेपाशी तुटून पुढे उलट्या दिशेने जात होत्या, त्यावरही माझी नजर पडली होती. तो म्हणाला, जुनी दुरुस्ती.

घरी ॲसिटोनचा बोळा फिरवला तर ‘थडग्याची माती’ गोंदासकट सुटली. अतिनील दिव्याखाली मानेभोवती निळसर पट्टा, म्हणजे नवा जोड. हा दिवा दुकानातच न्या, स्वस्त मिळतो. मानेतून नमुना काढून पुन्हा तपासणी केली : भाजणी अलीकडची.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. ग्राहक कार्यालयाने पावती बघितली, तिच्यावर ‘शोभेची मातीची वस्तू’ एवढंच. मग शोभेची वस्तू मिळाली की! पावतीवर काळ, ठिकाण आणि ‘अस्सल’ हा शब्द लिहून घ्या, नाहीतर पैसे देऊ नका. बँक म्हणते, रक्कम तुम्हीच पाठवलीत. रोखीचा पुरावा नाही. एका साहेबांनी तर मलाच विचारलं, खरा असता तर इराणबाहेर आला कसा, खोटा निघाला यात आनंद माना. आनंद? ज्याने गंडवलं त्याला एक प्रश्न विचारायला कुणी जात नाही, आणि मी मात्र या खिडकीवरून त्या खिडकीवर, प्रत्येक ठिकाणी नवा अर्ज, अरबी भाषांतराची फी माझ्याच खिशातून.

त्याच दुकानात आता मातीचं हरीण आलंय, २२,००० सांगतो. बघायला जाणार असाल तर पाय आणि मान, दोन्हींतून तुमच्यासमोर नमुना काढायला सांगा. नाही म्हणाला की उठा.