वॉरंटी घाटावरची, गाडी किनाऱ्यावरची: जुन्या गाडीच्या वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

ऑक्टोबर 2023 मध्ये कोल्हापूरच्या एका डीलरकडून 2018 सालची पेट्रोल हॅचबॅक मी सव्वाचार लाखांना घेतली आणि तेव्हापासून ती देवगड तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, रोजच्या वापरात आहे. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. इंजिन शांत आहे, मायलेज चांगले मिळते आणि एमएच 09 क्रमांकाच्या या गाडीचे आरसी माझ्या नावावर करून देण्याचे कामही डीलरने वेळेत केले. तक्रार आहे ती गाडीबरोबर विकलेल्या वॉरंटीबद्दल. तशीच गाडी थेट मालकाकडून स्वस्त मिळत होती. जास्तीचे पैसे मी मोजले ते केवळ या वॉरंटीच्या भरवशावर.

विक्रीच्या वेळी तोंडी सांगितले गेले की इंजिन, गिअरबॉक्स आणि स्टेअरिंग यांना एक वर्ष किंवा 15,000 किलोमीटरपर्यंत संरक्षण आहे आणि दुरुस्ती कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये होईल. वॉरंटीची पुस्तिका मात्र सगळे पैसे भरून झाल्यावर काही आठवड्यांनी टपालाने आली. ही वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची नसून डीलरची स्वतःची आहे, दुरुस्ती फक्त त्याच्याच वर्कशॉपमध्ये होईल, आणि गंज, ओलावा किंवा पाणी शिरल्यामुळे झालेला बिघाड तिच्यात बसत नाही, असे तीत छापलेले होते. कोकणात राहणाऱ्याला या शेवटच्या अटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. खाऱ्या हवेतले मीठ धातूवर बसते, ते हवेतला दमटपणा ओढून घेते आणि वायरिंगच्या तांब्याच्या टर्मिनलवर हिरवट थर चढू लागतो. त्यामुळे आमच्याकडे विजेवर चालणाऱ्या कोणत्याही भागाचा बिघाड ओलाव्याच्या खात्यावर टाकता येतो, आणि माझ्या बाबतीत नेमके तेच झाले.

जुलै 2024 मध्ये भर पावसात डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा पिवळा दिवा लागला आणि स्टेअरिंग एकदम जड झाले. जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून पाहिला व पॉवर स्टेअरिंगच्या सेन्सरकडून सिग्नल येत नसल्याचे सांगितले. परंतु त्यांनी कपलर, म्हणजे सेन्सरला वायरिंग जोडणारा जोड, उघडला असता तर पुस्तिकेनुसार वॉरंटीच रद्द झाली असती. डीलरच्या सर्व्हिस अॅडव्हायझरचे फोनवरचे उत्तर ठरलेले होते: "साहेब, गाडी इकडं घेऊन या, बघून सांगतो." जड स्टेअरिंगची गाडी पावसात घाट चढवून कशी आणायची, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. करूळ घाट त्या वर्षी रस्त्याच्या कामासाठी बंद होता, म्हणून गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवून फोंडा घाटाने पाठवावी लागली आणि तो सगळा खर्च माझ्यावर पडला, कारण टोइंगही वॉरंटीत नव्हते.

बरेच दिवस गाडी ठेवून घेतल्यावर जॉब कार्डावर कारण लिहिले गेले: "कपलरमध्ये ओलावा, बाह्य कारण". दावा नाकारला गेला आणि दुरुस्तीचे पूर्ण बिल भरल्याशिवाय गाडी मिळाली नाही. मी जुना कपलर मागून घेतला. त्याच्या तोंडावरचे रबरी सील कडक होऊन चिरलेले होते. रबर एका पावसाळ्यात अशा अवस्थेला येत नाही. त्यामागे वर्षानुवर्षांची उष्णता असते. म्हणजे ओलावा आत गेला तो सील आधीच निकामी झाले होते म्हणून, आणि विक्रीपूर्वी तपासून गाडी उत्तम असल्याचा दाखला ज्या डीलरने दिला, त्यानेच परिणामाला कारण ठरवून हात झटकले. हा प्रश्न मी लेखी विचारला. त्याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

पुढे एसीचा कंडेन्सर गळू लागला, पण एसी वॉरंटीत नाही हे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असल्याने त्यावर मी वाद घातला नाही. मोफत सर्व्हिसिंगही कोल्हापुरातच मिळत होते, आणि तेवढ्यासाठी घाट चढून जाणे पेट्रोलच्या हिशेबातही परवडत नाही.

किनारपट्टीवर राहून घाटावरून गाडी घेणाऱ्यांनी टोकन देण्यापूर्वीच वॉरंटीची पुस्तिका हातात मागावी. वॉरंटी नक्की कोणाची आहे, आपल्या जिल्ह्यात ती कोण मानणार आणि टोइंगचा खर्च कोण देणार, हे बिलावर किंवा ईमेलवर लिहून घ्यावे. गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा आणि दिसतील तेवढे कपलर यांचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत. तसे फोटो असतील तर ओलाव्याच्या मुद्द्यावर बोलण्यासारखे काहीतरी आपल्या हातात राहते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर डीलरने बिलातील मजुरीची रक्कम परत केली. सेन्सर व वायरिंगचे पैसे आणि टोइंगचा खर्च अद्याप मिळालेला नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि मोबदला, म्हणजे वस्तूसाठी मोजलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्यामुळे उरलेल्या रकमेसाठी आता मला पुन्हा घाट चढायचा नाही. जॉब कार्ड, पुस्तिका, ईमेल आणि तो चिरलेला कपलर यांसह सिंधुदुर्ग जिल्हा आयोगाकडे मी तक्रार दाखल करत आहे.