डिकीत चावी अडकली तेव्हा धावून आलेले सासवडचे चावीवाले काका

रिव्ह्यू लिहायला तीन आठवडे उशीर झालाय पण लिहिणारच होते, कारण त्या दिवशी जेजुरीच्या पार्किंगमध्ये उभी राहून मी मोबाईलवर असंच काहीतरी शोधत होते आणि कामाचं काही सापडत नव्हतं.

झालं असं की मे महिन्यातला रविवार, मी, आई आणि माझा सातवीतला मुलगा पुण्याहून दिवे घाटातून जेजुरीला गेलो, दर्शन छान झालं, भंडाऱ्याने तिघं पिवळे होऊन गडावरून खाली आलो. आईला सावलीत बसवलं, गाडी लॉकच होती, म्हणलं आधी पिशव्या ठेवू आणि रस पिऊन येऊ. चावीने डिकी उघडली, प्रसादाची पिशवी ठेवली, हाताला भंडारा लागला होता म्हणून पुसायला चावी पिशवीवर ठेवली आणि दुसऱ्या हाताने डिकी दाबली. खट् आवाज आला आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला. आमची गाडी 2014 ची सेडान, चारी दारं लॉक, मागची सीट फोल्ड होत नाही, आणि दुसरी चावी म्हणाल तर ती कधीच हरवलेली. पर्स डिकीत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईच्या इन्सुलिनचं पेन आणि जेवणाचा डबा पण डिकीत. थंड पिशवीत होतं पेन, पण मे महिन्याच्या उन्हात बंद डिकीत ती पिशवी किती वेळ थंड राहणार? आईची जेवणाची वेळ दीडची आणि घड्याळात पावणेबारा झालेले. मोबाईल तेवढा माझ्या हातात होता, ही खंडोबाचीच कृपा.

पहिला फोन इन्शुरन्सवाल्यांच्या रोडसाइड असिस्टन्सला केला. पॉलिसीत ते ॲड-ऑन घेतलेलं आहे हे मला माहीत होतं, पॉलिसीची पीडीएफ मोबाईलमध्ये होती म्हणून नंबर लगेच मिळाला (नसेल तर आजच सेव्ह करून ठेवा, कागद गाडीतच असतात आणि गाडी बंद असते). कंपनीचं नाव घेत नाही. फोनवरची मुलगी नीट बोलली पण वीस मिनिटं होल्ड, मग लोकेशनची लिंक, मग परत गाडीचा नंबर, आणि शेवटी उत्तर काय तर माणूस हडपसरहून येईल, तीन तास लागतील. इन्सुलिनचं सांगितलं तर म्हणाली मॅडम मी अर्जंट म्हणून नोट टाकते. पुढे काही झालं नाही. टायर पंक्चर झाला असता तर मी तीन तास थांबले असते, पण आई बरोबर असताना नाही.

मग नेटवर "जवळचा चावीवाला" शोधून दोन नंबर लावले. दोन्ही ठिकाणी कॉल सेंटरसारखं काहीतरी होतं, दुकान कुठंय विचारलं की उत्तर नाही, आणि एकाने तर आधी 500 रुपये ऑनलाइन पाठवा मग माणूस निघेल असं सांगितलं. नाही पाठवले. तुम्ही पण पाठवू नका, जो माणूस स्वतःचं गाव सांगत नाही त्याला ऍडव्हान्स कशासाठी द्यायचा?

एव्हाना आजूबाजूला पाच-सहा जण जमले होते. माणसं मनाने चांगली, पण प्रत्येकाचा उपाय वेगळा, कोणी स्टीलची पट्टी आणली, कोणी म्हणालं मागच्या दारातली छोटी तिकोनी काच फोडा, स्वस्तात बसते. मी नको म्हणलं. शेवटी पूजेच्या सामानाच्या दुकानातल्या ताईंनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, घरातली भाकरी-भाजी खाऊ घालायची पण तयारी दाखवली, पण इन्सुलिनशिवाय आई जेवणार नव्हती. ताईंच्या मिस्टरांची गाडी मागे एकदा अशीच अडकली होती, त्यांनीच सासवडच्या काकांचा नंबर दिला.

काकांनी फोनवर चारच गोष्टी विचारल्या. गाडी कुठली आणि किती सालची, चावी आत केबिनमध्ये आहे की डिकीत, गाडीत लहान मूल किंवा कोणी अडकलंय का, आणि गाडी कोणाच्या नावावर आहे. मग म्हणाले 600 रुपये होतील, रविवार असला तरी तेवढेच, अर्ध्या-पाऊण तासात येतो, तोवर पट्टी घालू देऊ नका कोणाला. सासवड ते जेजुरी सतरा-अठरा किलोमीटर, काका मोटरसायकलवर चाळीस मिनिटांत हजर. सांगितलेली वेळ पाळली, सांगितलेला रेट पाळला, मला वाटतं अर्धा रिव्ह्यू इथेच झाला.

उरलेला अर्धा हा की त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी आरसी मागितली. मी घाईत होते, थोडी चिडलेच, म्हणलं काका आई बघा ना तिकडे बसलीय. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमची काळजी कळते मला, पण उद्या तुमचीच गाडी कोणी मला उघडायला सांगितली तर मी न विचारता उघडावी का?" यावर काय बोलणार. डिजिलॉकरमध्ये आरसी आणि लायसन दोन्ही होतं ते दाखवलं, त्यांनी वहीत गाडी नंबर, नाव, लायसन नंबर, तारीख लिहून माझी सही घेतली आणि मग पिशवी उघडली. जो चावीवाला हे न विचारता दार उघडून देतो त्याला माझ्या मते बोलवूच नये, मग तो कितीही स्वस्त असो.

काम बघण्यासारखं होतं. मला वाटलं होतं डिकीच्या लॉकशी खटपट करतील, पण त्याला हातच लावला नाही. म्हणाले, डिकी उघडायची लिव्हर ड्रायव्हर सीटच्या बाजूला खाली आहे, मग डिकीचं लॉक कशाला बिघडवायचं, दार उघडलं की झालं. दाराच्या वरच्या कोपऱ्यात कापड लावून प्लास्टिकची पाचर हळूच सरकवली, त्या फटीत रबरी हवेची पिशवी घातली आणि ब्लड प्रेशरच्या मशीनला असतो तसा फुगा दाबत दाबत बोटभर जागा केली. तिथून टेप गुंडाळलेली लांब सळई आत सोडून दाराचं आतलं हँडल ओढलं. दोन वेळा निसटली, तिसऱ्यांदा दार उघडलं. लगेच सायरन सुरू झाला, पार्किंगभर आवाज, मुलगा घाबरला, पण काका म्हणाले वाजू दे, चावी मिळाली की बंद होतो. लिव्हर ओढली, डिकी उघडली, चावी प्रसादाच्या पिशवीवर जशीच्या तशी. सगळं मिळून बारा मिनिटं. रबराला, रंगाला, काचेला काही झालं नाही, मी घरी येऊन पाण्याचा पाइप मारून बघितलं, एक थेंब आत आला नाही.

पट्टीला नाही का म्हणाले ते पण विचारलं. जुन्या गाड्यांत काचेच्या फटीतून पट्टी घालून लॉकचा रॉड ओढायचे, आता दाराच्या आत सेंट्रल लॉकची मोटर, काचेची मोटर, त्यांच्या वायरी, काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर पण असतो, पट्टीने एखादी वायर तुटली तर 600 चं काम हजारात जातं.

इन्सुलिनचं पेन थंडच लागत होतं, पिशवीतला बर्फाचा पॅक पूर्ण वितळला नव्हता. आई एक पन्नासला जेवली. काकांना पण डब्यातलं खा म्हणलं तर फक्त प्रसाद घेतला.

पुढच्या शनिवारी मुद्दाम सासवडला जाऊन त्यांच्याकडून दुसरी चावी करून घेतली. साधी चावी 250 ला होते, ती दार आणि डिकी उघडते पण गाडी सुरू करत नाही कारण ओरिजिनल चावीत चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू राहत नाही. चिपवाली मला 2,200 ला पडली, एक तास लागला, लॅपटॉप गाडीला जोडून करतात. बजेट नसेल तर निदान साधी तरी करून घ्या, अशा वेळी तीच कामाला येते, फक्त ती गाडीत ठेवू नका. बटन स्टार्टवाल्यांनी पण निर्धास्त राहू नये असं काका म्हणाले. रिमोट डिकीत राहिला तर बहुतेक गाड्या आवाज करतात किंवा लॉक होत नाहीत, पण सेल उतरलेला असेल किंवा रिमोट स्टीलच्या डब्यांच्या मधे दबला असेल तर गाडीला तो कळत नाही आणि त्यांच्याकडे अशा केसेस येतात.

आणि एक, गाडीत लहान मूल अडकलं असेल तर चावीवाला येईपर्यंत पण थांबायचं नाही असं काकांनी बजावलं. मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडायची, पुढची मोठी काच फुटत नाही लवकर, आणि 112 ला फोन करायचा.

उणं एवढंच की दुकानावर बोर्ड लहान आहे, मला दोनदा पुढे जाऊन मागे यावं लागलं, आणि मंगळवारी बंद असतं. महागड्या परदेशी गाड्यांच्या चाव्या करत नाहीत, ते फोनवरच सांगतात. त्यांना न विचारता नंबर इथे टाकत नाहीये, सासवड-जेजुरी भागात अडकलात तर मला मेसेज करा, त्यांना विचारून लगेच देते.